फिलाडेल्फिया : ज्येष्ठांसोबत चार दिवस, कसं आखावं?

ऑस्टिनकर

नमस्कार मंडळी. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात आम्हा नवरा-बायकोचं सासू-सासरे आणि दहा वर्षांच्या मुलाला घेऊन फिलाडेल्फियाला जायचं ठरतंय. ऑस्टिनहून विमानाने येऊ आणि तिथून पुढे न्यूयॉर्कला नणंदेकडे जाऊ. बाबा नाशिकला शाळेत इतिहास शिकवायचे. अमेरिकेत आल्यापासून त्यांना आम्ही मॉल आणि धबधबेच दाखवलेत. आता त्यांना हा देश जिथे जन्मला ती जागा बघायची आहे. आईंचे गुडघे दुखतात, जिने जमत नाहीत. दोघंही शाकाहारी, अंडंसुद्धा चालत नाही.

ओळखीतले सगळे म्हणतात की न्यूयॉर्कहून एका दिवसात ती प्रसिद्ध घंटा, लिबर्टी बेल, बघून परत या, चार दिवस काय करणार? मला ते पटत नाहीये. कुठे राहावं, गाडी घ्यावी का, काय चुकवू नये, सगळं सांगा.

जर्सीची_सून

एका दिवसात मुख्य गोष्टी होतात गं, आम्ही पाहुण्यांना तसंच नेतो. सकाळी इंडिपेंडन्स हॉल, म्हणजे स्वातंत्र्याचा जाहीरनामा मंजूर झाला ती इमारत, आणि घंटा, दुपारी कलासंग्रहालयासमोरच्या 'रॉकी' सिनेमातल्या पायऱ्या, संध्याकाळी घरी. उरलेले दिवस वॉशिंग्टनला दे. तिथली मोठी संग्रहालयं फुकट आहेत आणि बाबांना तीही आवडतील.

स्कूकिलकाठ

ऑस्टिनकर, चार दिवस अगदी योग्य आहेत, कमी करू नका. जर्सीची_सून, वॉशिंग्टन सुंदर आहे, पण ती आखून बांधलेली राजधानी. इथे जे घडलं ते राहत्या गावात घडलं: भाड्याच्या खोलीत, चर्चमध्ये, सुतारांच्या संघाच्या सभागृहात. ती सगळी ठिकाणं एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. थांबत थांबत बघितलं तरच त्यांचा एकमेकांशी असलेला संबंध कळतो.

आधी गावाची रचना समजून घ्या, मग नकाशा लागत नाही. पूर्वेला डेलावेअर नदी, पश्चिमेला स्कूकिल. गाव वसवणाऱ्या विल्यम पेनने १६८२ मध्ये या दोन नद्यांच्या मधे काटकोनात छेदणारे रस्ते आणि पाच चौक आखले. लंडनमधली १६६५ ची प्लेगची साथ आणि १६६६ ची आग त्याच्या पिढीने पाहिली होती, म्हणून त्याला रुंद रस्ते आणि बागांनी वेढलेली घरं हवी होती. उत्तर-दक्षिण रस्त्यांना आकडे आहेत, पूर्व-पश्चिम रस्त्यांपैकी बऱ्याचशांना झाडांची नावं: चेस्टनट, वॉलनट, स्प्रूस, पाइन. आकडे डेलावेअरकडून वाढत जातात आणि चौदाव्या रस्त्याच्या जागी ब्रॉड स्ट्रीट येतो.

राहायला सिटी हॉल ते अकरावा रस्ता हा पट्टा बघा. विमानतळावरून येणारी लोकल थेट जेफरसन स्टेशनला येते, रीडिंग टर्मिनल मार्केट हा खाण्यापिण्याचा बाजार अगदी शेजारी आणि जुन्या गावात जायला मार्केट स्ट्रीटखालून भुयारी गाडी. ओल्ड सिटी भाग जास्त देखणा आहे, पण तिथले पदपथ विटांचे आणि उंचसखल आहेत. आईंच्या गुडघ्यांना रोज सकाळ-संध्याकाळ ते नको.

गाडी अजिबात घेऊ नका. पार्किंगचं भाडं भरमसाट आणि रस्ते अरुंद. सेप्टाच्या, म्हणजे इथल्या सार्वजनिक वाहतूक सेवेच्या, बस आणि भुयारी गाडीत बँकेचं कार्ड टेकवून जाता येतं. सगळ्या भुयारी स्थानकांवर लिफ्ट नाही, त्यामुळे आईंसोबत असताना बस किंवा टॅक्सी बरी.

आणखी एक महत्त्वाचं: ऑक्टोबरचा दुसरा सोमवार सुट्टीचा असतो. त्या लांब शनिवार-रविवारी गर्दी उसळते. जमलं तर मंगळवारी या आणि शुक्रवारी निघा.

ऑस्टिनकर

वा! मंगळवार ते शुक्रवार जमेल. इंडिपेंडन्स हॉलची तिकिटं कशी काढायची? आणि आत नेमकं काय बघायचं, कारण बाबा प्रश्न विचारणार.

स्कूकिलकाठ

वर्षाचा बहुतेक काळ वेळ ठरवलेलं तिकीट लागतं. ते सरकारी संकेतस्थळावर, रिक्रिएशन डॉट गव्हवर मिळतं. शुल्क माणशी एक डॉलर इतकं नाममात्र आहे, पण सकाळच्या वेळा लवकर संपतात. २०२६ हे स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचं अडीचशेवं वर्ष, त्यामुळे विमानाची तिकिटं निघाली की दुसरं काम हेच करा. दिवसाची पहिली-दुसरी वेळ घ्या. सुरक्षा तपासणीसाठी अर्धा तास हाताशी ठेवा आणि मोठ्या पिशव्या हॉटेलवर ठेवा.

आत गेल्यावर असेंब्ली रूममध्ये बाबांना पुढच्या बाजूची, अध्यक्षाची खुर्ची दाखवा. खोलीतलं बरंचसं सामान त्या काळाला साजेसं आणून मांडलेलं आहे, ही खुर्ची मात्र अस्सल आहे. १७८७ च्या उन्हाळ्यात राज्यघटनेची चर्चा चालली तेव्हा वॉशिंग्टन त्यावर बसत. पाठीवर अर्धा सूर्य कोरलेला आहे. १७ सप्टेंबरला सह्या होत असताना एक्याऐंशी वर्षांचे फ्रँकलिन म्हणाले की हा सूर्य उगवतोय की मावळतोय हे मला इतके दिवस कळत नव्हतं, आता खात्री झाली की तो उगवताच आहे. चर्चेला हजर असलेल्या जेम्स मॅडिसनने ते टिपून ठेवलं म्हणून आपल्याला माहीत आहे.

स्वातंत्र्याचा ठराव २ जुलै १७७६ ला याच खोलीत झाला, जाहीरनामा ४ तारखेला मंजूर झाला आणि ८ तारखेला मागच्या अंगणात लोकांपुढे मोठ्याने वाचला गेला. त्या अंगणात आज बाकं आहेत. तिथे बसून बाबांना हवं तेवढं बोलू द्या.

शेजारच्या काँग्रेस हॉलमध्येही नक्की जा. १७९० ते १८०० राजधानी फिलाडेल्फियाला होती. १७९७ मध्ये दुसरे राष्ट्राध्यक्ष जॉन अ‍ॅडम्स यांचा शपथविधी तिथे झाला आणि वॉशिंग्टनने सत्ता सोडून दिली. मला ती खोली इंडिपेंडन्स हॉलइतकीच मोलाची वाटते. युद्ध जिंकलेला माणूस आपणहून खुर्चीवरून उतरतो, हे जगाने तोवर कितीदा पाहिलं होतं?

छोटा_कॅमेरा

लिबर्टी बेलला तिकीट नाही, फक्त रांग. लोक म्हणतात की भेगाळलेली घंटा, त्यात काय बघायचं. पण आतले फलक वाचले तर मजा वेगळी आहे. १७५२ मध्ये ती लंडनहून आली, चाचणीतच तडकली, मग पास आणि स्टो या इथल्या दोन कारागिरांनी वितळवून पुन्हा ओतली. वजन २०८० पौंड. आणि 'लिबर्टी बेल' हे नाव तिला १८३० च्या दशकात गुलामगिरीविरुद्ध लढणाऱ्यांनी दिलं. घंटेवर बायबलातली ओळ आहे, सगळ्या रहिवाशांना स्वातंत्र्य जाहीर करा अशा अर्थाची. सगळ्या म्हणजे सगळ्या, असं त्या लोकांनी धरून ठेवलं.

वाचनवेडी

छोटा_कॅमेरा, अगदी बरोबर. आणि त्याला लागूनच, घंटेकडे जायच्या वाटेवर, मार्केट आणि सहाव्या रस्त्याच्या कोपऱ्यावर राष्ट्राध्यक्षांचं घर होतं ती जागा आहे. आता तिथे उघडी चौकट आणि पाया दिसतो. बहुतेक लोक ती ओलांडून पुढे जातात. कृपा करून तिथे थांबा.

वॉशिंग्टन राष्ट्राध्यक्ष असताना या घरात नऊ गुलाम होते. पेनसिल्व्हेनियाने १७८० मध्ये गुलामगिरी हळूहळू संपवण्याचा कायदा केला होता. परराज्यातल्या मालकाने गुलामाला सलग सहा महिने इथे ठेवलं तर तो स्वतंत्र होण्याचा हक्क मागू शकत असे. म्हणून सहा महिने भरायच्या आत वॉशिंग्टन त्यांना राज्याबाहेर पाठवून परत आणत. त्यातली ओनी जज, मार्था वॉशिंग्टनची दासी, १७९६ च्या मे महिन्यात घरची मंडळी जेवत असताना बाहेर पडली, जहाजाने न्यू हॅम्पशायरला पोहोचली आणि शेवटपर्यंत परत आली नाही. वॉशिंग्टननी माणसं पाठवली तरी नाही.

पलीकडे सातव्या आणि मार्केटच्या कोपऱ्यावर जेफरसनने जाहीरनामा जिथे लिहिला ते घर आहे, आताची इमारत १९७५ मध्ये पुन्हा बांधलेली. "सर्व माणसं समान" हे शब्द उमटत होते तेव्हा त्याच्या सेवेला रॉबर्ट हेमिंग्ज हा चौदा वर्षांचा गुलाम मुलगा होता. तुमच्या मुलाहून चारच वर्षांनी मोठा. मुलांना हे सांगावं असं मला मनापासून वाटतं. त्याने जाहीरनाम्याची किंमत कमी होत नाही. तो खरा करायला पुढे किती जणांना झिजावं लागलं ते कळतं.

ऑस्टिनकर

वाचनवेडी, अंगावर काटा आला. बाबांना हा धागा वाचून दाखवला, ते वहीत टिपून घेताहेत. त्यांचा प्रश्न: आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियालाच शिकल्या ना? ते कॉलेज बघता येईल का?

वाचनवेडी

हो! मी हे लिहिणारच होते. आपल्यापैकी कितीतरी जण या शहरात येऊन जातात आणि हे त्यांच्या लक्षातही येत नाही.

विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनिया. १८५० साली निघालेलं, स्त्रियांना डॉक्टर करण्यासाठीच काढलेल्या जगातल्या पहिल्या संस्थांपैकी एक. कल्याणला जन्मलेल्या आनंदीबाई १८८३ च्या जूनमध्ये, अठराव्या वर्षी न्यूयॉर्कला उतरल्या. न्यू जर्सीतल्या रोझेलच्या कारपेंटर मावशींनी पत्रातून ओळख झालेल्या या मुलीला घरी ठेवून घेतलं. कॉलेजच्या डीन रेचेल बॉडली यांनी प्रवेश दिला. ११ मार्च १८८६ ला त्या एम.डी. झाल्या आणि त्या समारंभाला पंडिता रमाबाई खास इंग्लंडहून आल्या. पुढच्या वर्षी रमाबाईंचं इंग्रजी पुस्तक, हिंदू उच्चवर्णीय स्त्रियांच्या स्थितीवरचं, याच शहरात छापून निघालं. प्रस्तावना बॉडलीबाईंची. मुंबईत रमाबाईंचं शारदा सदन सुरू झालं तीही तारीख ११ मार्च, साल १८८९. आनंदीबाई तेव्हा नव्हत्या. कोल्हापूरच्या इस्पितळात नेमणूक झाली होती, पण तिथे काम सुरू करायच्या आधीच २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात गेल्या. एकवीस वर्षांच्या होत्या.

आता बघण्याचं: कॉलेज तेव्हा जिरार्ड कॉलेजजवळ नॉर्थ कॉलेज अ‍ॅव्हेन्यूवर होतं. १९३० मध्ये ते ईस्ट फॉल्स भागात हललं आणि पुढे ड्रेक्सेल विद्यापीठात सामावलं गेलं. त्यामुळे "ही ती वर्गखोली" असं दाखवता येणार नाही. पण ड्रेक्सेलच्या वैद्यकीय महाविद्यालयाचा अभिलेख संग्रह आहे, लेगसी सेंटर नावाचा. त्यात कॉलेजची कागदपत्रं आणि १८८५ चं ते प्रसिद्ध छायाचित्र आहे: साडीतल्या आनंदीबाई, किमोनोतल्या जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लामबूली. बरंच साहित्य त्यांच्या संकेतस्थळावर मोफत आहे. प्रत्यक्ष जायचं तर काही आठवडे आधी इमेल करून वेळ घ्यावी. बाबांना प्रवासाआधीच छायाचित्र मोठ्या पडद्यावर दाखवा.

जर्सीची_सून

हे मला ठाऊकच नव्हतं, आणि रोझेल तर आमच्या घराजवळ आहे. ऑस्टिनकर, चार दिवसच ठेव.

खाण्याचं मी सांगते. रीडिंग टर्मिनल मार्केट १८९३ चं, पूर्वी वरच्या मजल्यावर रेल्वे यायची. लँकेस्टरहून येणाऱ्या आमिश लोकांचे (जुन्या साध्या पद्धतीने राहणारा ख्रिस्ती पंथ) गाळे रविवारी नसतात, सोमवारीही बरेच बंद, तुमचे दिवस त्या दृष्टीने छान आहेत. अंडं चालत नाही तर डोनट आणि केक विचारूनच घ्या. गरम प्रेट्झेल, फळं, चीज, लोणची, फलाफल मिळतं. फिलाडेल्फिया पद्धतीचं आइस्क्रीम अंड्याशिवाय करतात, तरी प्रत्येक चवीचं विचारा. वॉटर आइस म्हणजे बर्फ आणि फळांचा रस, त्यात प्रश्नच नाही. जवळच चायनाटाऊनमध्ये पूर्ण शाकाहारी चिनी खानावळी आहेत, आणि वेस्ट फिलीमध्ये विद्यापीठाच्या बाजूला भारतीय जेवण. दुपारी बाराच्या आत मार्केटला पोहोचा, नंतर बसायला जागा नसते.

छोटा_कॅमेरा

मुलासाठी: फ्रँकलिन इन्स्टिट्यूट. तिथे १९५४ पासून माणसाचं अवाढव्य हृदय आहे, त्याच्या आतून चालत जाता येतं. आत पायऱ्या आणि चिंचोळ्या वाटा आहेत, त्यामुळे आजींनी बाहेर बसावं. अर्धा दिवस सहज जातो.

आणि बाबांना ईस्टर्न स्टेट पेनिटेन्शरी दाखवाच. १८२९ ते १९७१ चालू असलेला तुरुंग, आता पडझड झालेल्या अवस्थेत जपलेला. मधे मनोरा, भोवती चाकाच्या आऱ्यांसारख्या कोठड्यांच्या ओळी. कैद्याला पूर्ण एकांतात ठेवलं की तो पश्चात्ताप करून सुधारतो, अशी क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या मंडळींची श्रद्धा होती. १८४२ मध्ये चार्ल्स डिकन्स येऊन गेला आणि या एकांताला त्याने क्रूर म्हटलं. अंदमानचं सेल्युलर जेल आठवा. मनोऱ्याभोवती सात पाकळ्या, प्रत्येकाला वेगळी कोठडी. सुधारणेसाठी निघालेली कल्पना परकीय सरकारच्या हातात काय रूप घेते, हे इतिहासाच्या शिक्षकाला मी सांगायला नको. ऑक्टोबरात संध्याकाळी तिथे हॅलोविनचे भीतीचे खेळ असतात, म्हणून दिवसाचंच तिकीट काढा.

ऑस्टिनकर

बाबा अंदमानला जाऊन आलेत, त्यामुळे हे पक्कं. कलासंग्रहालयाचं काय? आईंना चित्रं आवडतात, पण त्या पायऱ्या...

स्कूकिलकाठ

पायऱ्या ७२ आहेत आणि आईंना एकही चढायची गरज नाही. टॅक्सीला मागच्या, पश्चिमेच्या दाराशी सोडायला सांगा. तिथून आत लिफ्ट आहे. मुलाला हवं तर तो समोरून धावत वर येईल. चाकाची खुर्ची मिळते का ते आधी फोन करून विचारा, आणि उघडे दिवसही बघा, आठवड्याच्या मधे काही दिवस बंद असतं.

आत आधी दक्षिण आशिया विभागात जा. मदुराईच्या मदनगोपाल स्वामींच्या देवळातला ग्रॅनाइटचा मंडप तिथे उभा आहे. १९१२ मध्ये अ‍ॅडलीन पेपर गिब्सन नावाची इथली बाई मदुराई बघायला गेली, तिने हे खांब विकत घेतले. पहिल्या महायुद्धात ती फ्रान्समध्ये रुग्णसेवेला गेली आणि तिथेच वारली. घरच्यांनी १९१९ मध्ये मंडप संग्रहालयाला दिला. पुढे स्टेला क्रॅमरिश या थोर विदुषीने इथल्या भारतीय विभागाची धुरा सांभाळली. देवाविना उभा असलेला मंडप बघताना मला दरवेळी दोन्ही वाटतं: जपला गेला याचा आनंद, आणि आपल्या जागी नाही याची हळहळ. आईंना त्या खांबांतल्या मूर्ती ओळखायला लावा, शेजारी फलक वाचणाऱ्यांपेक्षा त्यांना जास्त कळेल.

चित्रांसाठी मात्र मी बार्न्स फाउंडेशन या दुसऱ्या संग्रहालयाला झुकतं माप देईन. अल्बर्ट बार्न्सने औषधाच्या धंद्यात कमावलं आणि एकट्या रेन्वारची १८१ चित्रं जमवली. सेझान, मातीस वेगळेच. चित्रांच्या मधे भिंतीवर लोखंडी बिजागऱ्या आणि कुलपं टांगली आहेत, शेजारी मृत्तिकेची भांडी. कालक्रम नाही, फलक नाहीत. रेषा आणि रंग आपण आपले जुळवायचे. वर जायला लिफ्ट आहे, बसायला जागा भरपूर. एका दिवसात दोन्ही संग्रहालयं करू नका, दोन्हीचा चोथा होतो.

जर्सीची_सून

एक दिवस बाहेर? व्हॅली फोर्ज, लाँगवुड गार्डन्स, आमिश लोकांचं लँकेस्टर, किंवा आमच्याकडे रॉबिन्सव्हिलचं अक्षरधाम?

स्कूकिलकाठ

चारांपैकी एकच. अक्षरधाम न्यूयॉर्कच्या मुक्कामातूनही होईल. लँकेस्टरला रेल्वे जाते, पण शेतं बघायला पुढे गाडी लागतेच. मी व्हॅली फोर्ज म्हणेन. १७७७-७८ च्या हिवाळ्यात वॉशिंग्टनचं सैन्य तिथे कुडकुडत राहिलं, रोगराईने माणसं गेली आणि जूनमध्ये बाहेर पडलं ते कवायत शिकलेलं सैन्य. ऑक्टोबरात तिथली झाडं रंगतात, प्रवेश मोफत, गाडीतून फेरी मारता येते म्हणजे आईंचे पाय शाबूत. त्या एका दिवसापुरती भाड्याची गाडी घ्या. त्याआधी म्युझियम ऑफ द अमेरिकन रेव्होल्यूशन बघून ठेवा. वॉशिंग्टन ज्या तंबूत राहिले तो खरा तंबू तिथे आहे, तो दाखवण्यापूर्वीची छोटी फिल्म अजिबात चुकवू नका.

मी असं लावेन. मंगळवारी पोहोचून मार्केट, सिटी हॉलचं अंगण आणि विश्रांती. सिटी हॉलच्या शिखरावर पेनचा पुतळा आहे. त्याच्या टोपीपेक्षा उंच बांधायचं नाही, हा अलिखित संकेत १९८० च्या दशकापर्यंत पाळला गेला. बुधवारी जुनं गाव आणि तंबूचं संग्रहालय. गुरुवारी सकाळी तुरुंग, दुपारी बार्न्स किंवा मंडप, आणि बाकीच्यांना वेगळं काही हवं असेल तर मुलाला घेऊन कुणीतरी फ्रँकलिन इन्स्टिट्यूटला. शुक्रवारी सकाळी लवकर व्हॅली फोर्ज, दुपारी गाडी परत, संध्याकाळच्या रेल्वेने न्यूयॉर्क. अ‍ॅमट्रॅकला साधारण दीड तास लागतो. ट्रेंटनला गाडी बदलून लोकलने स्वस्तात जाता येतं, पण सामान आणि आईंचे गुडघे बघता थेट गाडी घ्या.

ऑस्टिनकर

हेच पक्कं. आत्ताच इंडिपेंडन्स हॉलची बुधवारची सकाळची वेळ मिळाली, पाचही जणांची. बाबांनी आणखी एक विचारलंय: आनंदीबाईंची समाधी न्यूयॉर्कजवळ आहे का?

वाचनवेडी

हो, पकीप्सीला. त्यांचे पती गोपाळराव यांनी अस्थी कारपेंटर मावशींकडे पाठवल्या आणि त्यांनी आपल्या कुटुंबाच्या जागेत, पकीप्सी रूरल सिमेटरीत त्या ठेवल्या. दगडावर इंग्रजीत नाव आहे, पुढे एम.डी. आणि १८६५-१८८७. ग्रँड सेंट्रलहून मेट्रो-नॉर्थच्या हडसन लाइनने शेवटचं स्टेशन, साधारण दोन तास. स्टेशनवरून टॅक्सी करा. दफनभूमी मोठी आणि चढउताराची आहे, तेव्हा आधी फोन करून नेमकी जागा विचारून घ्या आणि टॅक्सी थांबवून ठेवा, म्हणजे आईंना गाडीतूनच जवळपर्यंत जाता येईल. कामाच्या दिवशी गेलात तर कार्यालयात वाट दाखवणारं कुणी भेटण्याची शक्यता जास्त.